विझली ना, आई?

दिवाळी झाली की नांदुऱ्याच्या रस्त्यांवरून कापसाच्या गाड्या जायला लागतात. गाडी निघून गेली तरी तिची खूण मागं राहते. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकतात आणि पार होळीपर्यंत तसेच असतात. सकाळी फिरायला जाते तेव्हा मी त्यातला एखादा काढून बोटांत चुरगाळते. आत सरकी लागते. थोडा धुळीचा, थोडा तेलाचा, उन्हात वाळत घातलेल्या गोधडीसारखा वास येतो. या वासानं दुसऱ्यांना काय आठवत असेल ते असो, मला माझी थोरली मुलगी विमल आठवते. दहा वर्षांची, चुलीपुढं उकिडवी बसून राखेत हात घालून बघणारी.

आता घरात कापूस कोणी फारसा भरत नाही. शेतातून गाडीत आणि गाडीतून थेट सरकी काढायच्या जिनावर. तेव्हा तसं नव्हतं. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. जिल्हा परिषद नवी होती आणि मी तिच्या शाळेत मास्तरीण होते. आमचं गाव नांदुऱ्याच्या उत्तरेला, पूर्णेच्या अलीकडं, काळ्या मातीतलं. घर धाब्याचं, म्हणजे लाकडाच्या आढ्यावर मातीचं छत. पहिला वेचा झाला की कापूस घरात यायचा. आधी माजघराच्या कोपऱ्यात, मग भिंतीभर, मग छताला टेकेपर्यंत. दोन-तीन महिने आम्ही माणसं उरलेल्या जागेत राहायचो. पोरं त्या ढिगावर उड्या मारायची, आत शिरून लपायची, थंडीत त्यातच रुतून झोपायची. सकाळी वेणी घालताना विमलच्या केसांतून मी पऱ्हाटीचा, कापसाच्या झाडाचा, कचरा काढायची. शाळेत निम्म्या पोरांच्या डोक्यात कापूस दिसायचा. त्याचं कोणाला काही वाटत नसे. चूल त्या ढिगापासून दहा पावलांवर जळायची, त्याचंही कोणाला काही वाटत नसे.

आमच्या घरापासून चार घरं सोडून सुपडाभाऊंचं घर. त्यांची बायको गोदाबाई. त्यांची कमल आणि आमची विमल एका वर्गात, चौथीत, माझ्याच हाताखाली. दोघी संध्याकाळी एकत्र बसून गणितं करायच्या, कधी आमच्याकडं, कधी त्यांच्याकडं. मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी विमल त्यांच्याकडून परत आली. मी ताटं मांडत होते. तिच्या हातात अजून पाटी होती, तेवढ्यात वास आला, जुनं पटकूर जळावं तसा. मग ओरडा ऐकू आला.

कापूस एकदम भडकत नाही. तो आतल्या आत धुमसतो, आणि बाहेर दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. आम्ही पोचलो तेव्हा सुपडाभाऊंच्या माजघरातून धूर असा येत होता की आत पाय ठेवता येईना. विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लागली. बादल्या, घागरी, ओली पोती, जे हाती येईल ते. सुपडाभाऊ दाताळ्यानं कापूस ओढून रस्त्यावर टाकत होते. गोदाबाई आत शिरून कपड्यांची पेटी ओढत बाहेर आली. पेटीच्या कड्या तापलेल्या होत्या, हे तिच्या तळहातांना नंतर कळलं. मग छताची लाकडं पेटली आणि अर्धं घर खाली बसलं. माणसं वाचली, गोठा वाचला. रस्त्यावर काढलेला कापूस त्यानंतर दोन दिवस धुमसत होता. पाणी टाकलं की फुस्स करायचा आणि थोड्या वेळानं पुन्हा धूर.

विमल सगळा वेळ विहिरीपाशी उभी होती, पाटी छातीशी धरून. ती रडली नाही. मला तेव्हा बरंच वाटलं, पोरगी धीराची आहे म्हणून.

कमलला तिचा मामा रोहिणखेडला घेऊन गेला, ते वर्ष तिनं तिथल्याच शाळेत काढलं. सुपडाभाऊ आणि गोदाबाई गोठ्यात राहायला लागले. गाव दोन-चार दिवस आगीबद्दल बोललं आणि पुन्हा वेचणीला लागलं.

विमलचं सुरू झालं ते तिसऱ्या का चौथ्या दिवशी. शाळेला निघताना ती उंबऱ्यातून परत फिरली आणि चुलीत डोकावून आली. मी म्हटलं, शहाणी आहे. दुसऱ्या दिवशी दोनदा फिरली. आठवड्याभरात असं झालं की आम्ही वेशीपर्यंत यायचो आणि ती माझा पदर धरायची.

“विझली ना, आई?”

“विझली वं. म्याच पाणी शिंपडलं.”

“नक्की विझली?”

“नक्की.”

चार पावलं जायची आणि पुन्हा, “विझली ना, आई?”

मी दर वेळी सांगायची, विझली. आता कळतं, मी तेच करायला नको होतं. माझं एक ‘विझली’ तिला वेशीपासून पिंपळापर्यंत पुरायचं. पुढं पुढं तेवढंही पुरेना. पण त्या वेळी मला दुसरं काय सुचणार? पोर विचारते, आई सांगते, यात चुकीचं काही असू शकतं असं मनातही आलं नाही.

शाळेत ती मला आई म्हणत नसे, बाई म्हणे. मीच तसं शिकवलं होतं. पाढे चालू असताना ती उभी राहायची. “बाई, मी घरी जाऊन येऊ?” ओठ कोरडे, हात घामानं ओले, पेन्सिल बोटांतून निसटायची. एकदा मधल्या सुट्टीत तिचा हात धरला तर नाडी अशी पळत होती की मीच घाबरले.

“काय होते वं तुले?”

“छातीत कांडल्यासारखं होते. कोणीतरी कांडूनच राह्यलं.”

“कशाचं भ्या वाटते?”

“घर जळून राह्यलं अशीन.”

“आजी हाय ना घरी.”

“आजीले दिसत नाही आता नीट.”

ते खरं होतं. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. भीतीची हीच एक गंमत आहे, ती सगळी खोटी नसते. चूल होती, कापूस होता, आंधळी होत चाललेली आजी होती, चार घरांवर एक घर जळलंही होतं. मी कुठल्या तोंडानं सांगणार की असं काही होतच नाही?

मग ती न विचारता पळायला लागली. मी फळ्याकडं तोंड करून लिहीत असायची आणि पोरं ओरडायची, “बाई, विमल गेली!” धापा टाकत परत यायची, जागेवर बसायची आणि अर्ध्या तासानं पुन्हा जायची. हेडमास्तर समंजस होते, काही बोलले नाहीत, पण त्यांचं न बोलणंही ऐकू यायचं. मास्तरणीची स्वतःची पोरगी वर्गात बसत नाही, मग दुसऱ्यांच्या पोरी शाळेत पाठवा म्हणून मी कोणत्या दारात जाऊन सांगणार?

एक दिवस मी तिला मारलं. भर वर्गात, सगळ्यांसमोर. ती दाराशी पोचली होती, मी दंड धरून मागं ओढली आणि गालावर दिली. पाटी खाली पडून कोपरा फुटला. तिनं गालाला हात लावला नाही, माझ्याकडं पाहिलंही नाही. ती दाराकडंच बघत होती. त्या दिवशी मला समजलं की माझ्या हातापेक्षा मोठं काहीतरी तिच्यापुढं उभं आहे. समजलं, पण त्याचं करायचं काय ते समजलं नाही.

उपाय सगळ्यांकडं होते. सासूबाईंनी मीठ-मिरच्या उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा धूर झाला, सगळे खोकले. विमल तेवढ्यात चुलीत वाकून बघत होती की मिरच्या जळून निखारा उरला तर नाही. कोणी म्हणालं दर्ग्यावर न्या, कोणी म्हणालं आगीत बाहेरचं काहीतरी पाहिलं असणार, कोणी म्हणालं जंत झाले असतील. शेजारच्या एकीनं हळूच सुचवलं, “जास्त बोलू नका बाई कोणापाशी. पोरीची जात हाय, उद्या सोयरीक कराची हाय.” मी तिला बसनं नांदुऱ्याला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी छाती ऐकली, जीभ पाहिली, पोरगी ठणठणीत आहे म्हणाले आणि लालसर औषधाची बाटली दिली. परतीच्या बसमध्ये विमल सगळा रस्ता खिडकीतून पुढं बघत होती, आमच्या गावाच्या दिशेनं कुठं धूर दिसतो का ते.

मग एका सकाळी तिनं अख्खी घागर चुलीत ओतली. सासूबाईंची भाकरी तव्यावर होती. चूल मातीची, तापलेली, ती मधोमध तडकली. राखेचा चिखल स्वयंपाकघरभर झाला. सासूबाई कपाळावर हात मारून बसल्या. “इमल, काऊन केलं वं असं? काऊन केलं?” त्या विमलला इमलच म्हणायच्या. विमल रिकामी घागर धरून उभी होती. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी भिजवलेले पोहे खाल्ले.

विमलचे बाबा फार बोलणारे नव्हते. पोहे खाऊन झाल्यावर ते म्हणाले, “कापूस काढून टाकू घरातून. कापूस नाही तं भ्या नाही.”

भाव चढायची वाट न बघता त्यांनी संक्रांतीनंतर दोन बंड्या, म्हणजे बैलगाड्या, जुंपल्या. सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही माजघरातून कापूस काढत होतो. विमलही टोपलीनं वाहत होती, झपाझप, आम्हा सगळ्यांपेक्षा जोरानं. बंड्या नांदुऱ्याच्या वाटेला लागल्या. मी माजघर झाडलं. कापूस गेला की घर मोठं होतं, आवाज घुमतो, बोललं की आपलंच बोलणं भिंतीवरून परत येतं. मला इतकं हलकं वाटलं की मी जमिनीवर बसूनच राहिले.

विमल त्या रिकाम्या माजघरात मधोमध उभी होती. तिनं चारी भिंती पाहिल्या. मग स्वयंपाकघरात गेली, चुलीत वाकली आणि परत आली.

“विझली ना, आई?”

“आता काय जळन वं? घरात काडी नाही राहिली!”

ती म्हणाली, “आपून हावो ना.”

मी उठले आणि झाडलेलंच माजघर पुन्हा झाडायला घेतलं.

विमल आता अकोल्याला असते. टेलिफोन खात्यात नोकरी केली, निवृत्त झाली, नातवंडं आहेत. भीती तिच्यातून पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. घरातून निघताना ती गॅसच्या बटणाला हात लावते. एकदाच. काही दिवस एकदा पुरत नाही. मग फोनवर सांगते, “आज तीनदा झालं, आई.” मी म्हणते, “बरं. जेवली का?” एवढंच. गुडघा दुखतो म्हणावं तसं ती ते सांगते आणि मीही तसंच ऐकते. इथपर्यंत यायला आम्हा दोघींना तो एक हंगाम लागला.

कापूस गेल्यानंतरच्या रविवारी आम्ही दोघी नदीवर गोधड्या धुवायला गेलो. पूर्णेला पाणी कमी होतं, खडकांमधून वाहणारं, गार. विमल गोधडी तुडवत होती. तुडवता तुडवता थांबली आणि पाण्याकडं बघत म्हणाली,

“आई, म्या चिमणी फुंकली का नाही, मले आठवत नाही.”

“कोणती चिमणी?”

“कमलच्या घरची.”

मग तिनं सांगितलं. त्या संध्याकाळी दोघी माजघरात कापसाच्या ढिगाला टेकून गणितं करत होत्या. मधे रॉकेलची चिमणी. गोदाबाईनं कमलला वासरू बांधायला बोलावलं. विमल एकटी उरली. तिनं गणित पुरं केलं, पाटी उचलली आणि निघाली. निघताना चिमणीवर वाकली होती, गाल फुगवले होते, एवढं तिला आठवत होतं. ज्योत गेली की नाही, ते आठवत नव्हतं.

“कधी वाटते फुंकली. कधी वाटते नाही फुंकली. दिवसभर तेच पाहून राहतो मी.”

दीड महिना. एवढ्याशा डोक्यात दीड महिना ती एकच चिमणी फुंकत होती. आम्ही तिच्यावरून मिरच्या उतरवत होतो, लाल औषध पाजत होतो, आणि मी मारलंही होतं.

ओली गोधडी माझ्या हातात जड झाली. मी शिक्षिका, प्रत्येक गणिताचं उत्तर माझ्याकडं असायचं. इथंही मला उत्तर द्यायची घाई झाली आणि मी सरळ खोटं बोलले.

“अवं, ते आग तं बिडीनं लागली. सुपडाकाकाच्या बिडीनं. सारं गाव म्हणते.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. चेहरा असा सैल झाला की मला माझ्या खोटेपणाचा अभिमानच वाटला. दोन दिवस ती पोटभर जेवली. तिसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर थांबली.

“आई, सुपडाकाका बिडी कुठं पेतात? ते तं तंबाखू खातात.”

 त्यानंतर तिनं मला विचारणंच सोडलं. चूल विझली का हेसुद्धा विचारेना. स्वतः जायची, बघायची, पुन्हा जायची, तोंडातून शब्द नाही. विचारत होती तेव्हा मी वैतागायची. विचारेना तेव्हा जास्त घाबरले.

मी तिच्या बाबांना सगळं सांगितलं. ते दोरी वळत होते.

“हे तोंडाबाहेर काढू नको,” ते म्हणाले. “सुपडाचं घर गेलं, वर्षाचा कापूस गेला. आपल्या पोरीनं जाळलं म्हणतीन लोकं. गावात राहाचं हाय आपल्याले. तुही नोकरी हाय.”

“अन् पोरीचं काय?”

“लहान हाय. इसरून जाईन.” मग जरा थांबून, “नाही तरी पाचवीले तीन मैल चालत जा लागते. जे पोट्टी दोन तास घर सोडून बसत नाही, ते तिथं कशी जाईन? चौथी झाली तं झाली. घरी राहीन.”

ते वाईट मनानं बोलत नव्हते. तिला सोसत नाही ते तिच्या अंगावर टाकू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पण घरी राहणं म्हणजे चुलीपाशी राहणं, हे त्यांना दिसत नव्हतं, मला दिसत होतं. तरी मी आठ दिवस गप्प बसले. लोकांची भीती मलाही होती. विमलला आगीची आणि मला बोभाट्याची, एवढाच काय तो फरक.

नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी सुपडाभाऊंच्या गोठ्याकडं गेले. गोदाबाई तीन दगड मांडून भाकरी थापत होती. तळहात बरे झाले होते, पण कातडी गुलाबी आणि ताणलेली, भाकरी फिरवताना बोटं पूर्ण वळत नव्हती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, चिमणी, गाल फुगवणं, न आठवणं. 

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

“म्हून येत नव्हती व्हय ते?” ती म्हणाली. “मले वाटलं, आमचं घर जळलं म्हून तुमीच पोरीले येऊ देत नसान. अपशकुनी झालो आमी.”

दोन महिने आम्ही तिच्या दारात गेलो नव्हतो. मी एकदाही नाही. आगीच्या दुसऱ्या दिवशी पसाभर पीठ पाठवलं आणि माझं काम संपलं असं समजले. आपण तिकडं फिरकलोच नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

“धाडा तिले उद्या,” गोदाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी विमलला हात धरून नेलं. ती वाटेत तीनदा थांबली. गोठ्याशी पोचल्यावर माझ्या मागं उभी राहिली. सुपडाभाऊ शेतात होते.

“पुढं ये वं,” गोदाबाई म्हणाली. “फुंकली का नाही तू चिमणी?”

विमल माझ्या मागून अर्धं पाऊल पुढं आली.  “मालूम नाही.”

“मलेही मालूम नाही,” गोदाबाई म्हणाली. “त्याच सांजी म्या सुपलीत निखारे घेतले होते. गोठ्यात धूर कराले, लय मच्छर होते. माजघरातूनच गेलो घेऊन. नेहमीच जातो. एखांदा पडला का नाही पडला, कोणं पाहिलं?” तिनं आपले तळहात पाहिले. “माह्या मनातही दिवसभर तेच. सुपली तिरपी होती का सुधी होती. हे आले नं कामाहून, तं ह्यांच्या तोंडाकडे पाहाची हिंमत नोयती मले. सांगतलं नाही म्या ह्यांले. तुमाले दोघीलेच सांगून राह्यलो.”

विमल तिच्या तळहातांकडं बघत होती.

“मंग कोणाची?” तिनं विचारलं.

“तुही असन. माही असन. दोघीचीही नसन. आता कोण सांगन? कापूस तं जळला.” गोदाबाईनं पिठाचा हात झटकला. “ते सांगाले आता कोणीच नाही येणार, बाई. तू डोकं फोडलं तरी नाही येणार. उद्यापासून ये तू. भिंतीले माती तुडवाची हाय. माह्या हातानं मातीच्या टोपल्या उचलल्या जात नाहीत.”

मला वाटलं होतं ती म्हणेल, नाही गं बाळ, तुझी काही चूक नाही. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली असती तर विमलनं दोन दिवसांनी विचारलं असतं, कशावरून? माझ्या बिडीचं जे झालं तेच झालं असतं.

विमल रोज शाळा सुटल्यावर माती तुडवायला जाऊ लागली. गुडघ्यापर्यंत चिखल, त्यात कुटार, म्हणजे भुसा, मिसळायचं, पुन्हा तुडवायचं. दोघी कधी बोलताना दिसायच्या, कधी नुसत्याच काम करताना. काय बोलायच्या ते मी कधी विचारलं नाही.

घरी मी ‘विझली’ म्हणणं बंद केलं. हे मला कोणी शिकवलं नाही, गोदाबाईचं ऐकून सुचलं. निघताना विमल चुलीत एकदा बघायची. वेशीपाशी तिचा चेहरा पांढरा पडायचा, हात माझ्या पदराकडं यायचा. मी म्हणायची, “पाहिली ना तू एकदा? मंग झालं.” ती उभी राहायची. मीही उभी राहायची. ओढायची नाही, समजवायची नाही. कधी शाळेची घंटा आमच्या उभ्या असण्यातच व्हायची. हेडमास्तरांना मी एवढंच सांगितलं की काही दिवस मला उशीर होईल, मुलीचं दुखणं आहे. ते म्हणाले, “घंटा मी देतो, या तुम्ही.” दुखणं कसलं ते विचारलं नाही. मी ते उपकार विसरलेले नाही.

वर्गात तिची जागा मी माझ्या टेबलाशी आणली. ती मान वर करायची तेव्हा मला कळायचं.

“आलं का?” मी हळूच विचारायची.

“आलं.”

“बस मंग. तेराचा पाढा लिही.”

पाढा लिहून व्हायचा. “गेलं?”

“थोडंसं.”

“चौदाचा लिही.”

त्या वर्षी माझ्या वर्गात विमलइतके पाढे कोणालाच येत नव्हते. हळूहळू ती माझ्या टेबलापासून आपल्या रांगेत गेली. सगळं सरळ झालं नाही. होळीला गावाच्या मधोमध लाकडं रचली, तेव्हा तिनं दोन दिवस आधीपासून जेवण सोडलं. होळीच्या संध्याकाळी कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसली, आणि पुढचा आठवडा पुन्हा शाळेतून पळून जाऊ लागली. मला वाटलं संपलं, पुन्हा पहिल्यापासून. पण पहिल्यापासून नव्हतं. या वेळी आठ दिवसांतच ती जागेवर बसली. तिचे बाबा हे सगळं लांबून बघत होते. एक दिवस ते तिच्याबरोबर माती तुडवायला गेले आणि येताना सुपडाभाऊंना आढ्यासाठी दोन लाकडं देऊन आले. पाचवीबद्दल मात्र त्यांनी अजून तोंड उघडलं नव्हतं. आधी परीक्षा होऊ द्या, एवढंच.

चैत्रात परीक्षा आली. सकाळची शाळा. पहिला पेपर गणिताचा. त्याच्या आदल्या दिवशी गोदाबाईनं निरोप धाडला, “उद्या नव्या घरात पहिल्यांदा चूल पेटवाची हाय. विमलले घेऊन या, शाळेच्या आधी.”

मी नाही म्हणणार होते. परीक्षेच्या दिवशी चूल कशाला? विमललाच विचारलं. ती बराच वेळ वेणीचं टोक चावत बसली आणि म्हणाली, “जाऊ.”

नव्या घराला ओल्या मातीचा वास होता. भिंतींवर विमलच्याही हाताचे पंजे होते, सारवताना उमटलेले. कोपऱ्यात नवी चूल, पांढऱ्या मातीनं पोतारलेली. आत तुराट्या आणि गोवऱ्या नीट रचलेल्या. सुपडाभाऊ दारात उभे होते. गोदाबाईनं चुलीला हळद-कुंकू वाहिलं आणि काडेपेटी विमलपुढं धरली.

“तू पेटव.”

सुपडाभाऊ हसले. “घरची लक्ष्मी सोडून परीक्षेवाल्या पोरीले काऊन तरास देते वं?”

“राहू द्या तुमी,” गोदाबाई म्हणाली.

विमलनं काडेपेटी घेतली. पहिली काडी मोडली. दुसरी पेटली आणि लगेच विझली. तिसरी तिनं ओढलीच नाही, नुसती धरून बसली.  मी माझा हात पुढं करणार होते, पण गोदाबाईनं मान हलवली. आम्ही तिघं मोठी माणसं नुसती उभी होतो. बाहेर कोणाचा तरी बैल हंबरला. मग विमलनं काडी ओढली, दुसरा हात आडोशाला धरला आणि तुराट्यांना लावली. तुराट्या चुरचुरल्या. धूर झाला, डोळ्यांत पाणी आलं आणि जाळ धरला. गोदाबाईनं चहाचं भांडं ठेवलं. आम्ही चौघांनी त्या चुलीवरचा पहिला चहा प्यायला. विमल जाळाकडं बघत पीत होती.

शाळेची पहिली घंटा झाली. विमल उठली, दौत-टाक घेतला आणि थांबली. चुलीत लाकूड जळत होतं, ज्वाळा भांड्याच्या कडेपर्यंत येत होत्या. तिची नजर तिथून हलेना. मला वाटलं, आता ती पाणी मागेल, आता म्हणेल विझवून जाऊ.

गोदाबाईनं जळतं लाकूड जरा आत सारलं.

“माही चूल हाय ते,” ती म्हणाली. “माह्या घरात हाय. मी पाहीन तिच्याकडे. तुहा पेपर हाय ना? जाय तू.”

 विमलनं चप्पल पायात घातली आणि उंबरा ओलांडला. मी तिच्या मागं निघाले. आम्ही दोघी शाळेच्या वाटेला लागलो, आणि मागं चूल पेटलेलीच होती.